घाताची गादी: झाडीपट्टीतल्या एका नाटकाला शब्द कसा सापडला

पार्श्वभूमी

गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, वैनगंगेच्या खोऱ्यातलं. याच पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. धानाची शेती, दोन मामा तलाव म्हणजे जुने मालगुजारी तलाव, एक हायस्कूल. धान बांधीतून घरी आला की या भागात मंडई म्हणजे गावजत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि पटाच्या रात्री नाटक असतंच. रात्री पडदा वर गेला की पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. आता बहुतेक गावं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांना बोलावून नाटक आणतात. या गावच्या मंडळाने मात्र स्वतः नाटक बसवायची रीत सोडलेली नाही. स्त्री भूमिकांसाठी कलावंत बाहेरून येतात, ऑर्गनवाला आणि तबलजीही बाहेरचे. बाकी सगळे गावचेच. गावाचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही.

त्या वर्षी हायस्कूलच्या मराठीच्या शिक्षकांनी नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांवर नाटक लिहिलं. मंडळी त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून इथेही मास्तरच. संहितेच्या वाचनांना भाषेच्या बाजूने बसायला मला बोलावलं होतं.

नाटकाचा इतिहास थोडक्यात सांगावा लागेल, कारण पुढची सगळी ओढाताण त्यातूनच आली. दुसरे रघुजी भोसले 22 मार्च 1816 रोजी वारले. गादीवर आला त्यांचा मुलगा पारसोजी. तो अंध आणि शरीराने पांगळा होता, कारभार त्याच्याने होण्यासारखा नव्हता. रघुजींची विधवा बाकाबाई आणि धर्माजी भोसले यांनी कारभार आपल्या हाती राहावा म्हणून धडपड केली, पण ती टिकली नाही. धर्माजी कैद झाला आणि पुढे मारला गेला. मुखत्यारी पारसोजीचा चुलतभाऊ आप्पासाहेब याच्याकडे आली. मे 1816 मध्ये त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. 1 फेब्रुवारी 1817 च्या सकाळी पारसोजी बिछान्यात मेलेला सापडला. आप्पासाहेब तेव्हा नागपुरात नव्हता, चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला होता. मग गादी त्याचीच झाली. पारसोजीला गळा दाबून मारल्याचे पुरावे इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती नंतर आले, आणि ते आप्पासाहेबाकडे बोट दाखवत होते.

इथेच गोष्ट संपली असती तर शब्द शोधायला कोणाला त्रास झाला नसता. पण याच आप्पासाहेबाची फौज 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढली. लढाई हरल्यावर तो शरण आला, त्याला परत गादीवर बसवलं, मग पकडलं. 1818 मध्ये अलाहाबादकडे नेत असताना तो पहाऱ्यातून निसटला आणि महादेवाच्या डोंगरांत शिरला. 1840 मध्ये जोधपूरला तो मेला, इंग्रजांच्या हाती पुन्हा न लागता. विदर्भात त्याच्याकडे इंग्रजांशी लढलेला राजा म्हणून आदराने पाहणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं पाहणं चुकीचं नाही.

अडचण

दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाकाबाई भर दरबारात आप्पासाहेबाला जाब विचारते. असा दरबार खरोखर भरल्याची नोंद नाही, प्रवेश मास्तरांच्या कल्पनेतला आहे. तिथे तिला एका वाक्यात सांगायचं आहे की या माणसाने काय केलं. राज्य बळकावणं या अर्थाने मास्तरांच्या पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं: ‘आप्पासाहेब, हा राज्यापहार आहे!’

पहिल्या वाचनाला दहाबारा जण होते. वाक्य आलं आणि पुढे गेलं, कोणी मान वर केली नाही. शेवटी एकाने विचारलं, ‘पैसे खाल्ले काय गा त्यानं?’ तो हसण्यासाठी विचारत नव्हता. पेपरात अपहार हा शब्द तो रोज वाचतो: पतसंस्थेत अपहार, रोजगार हमीच्या रकमेचा अपहार. त्याच्या कानाला तोच अर्थ ओळखीचा, मग राज्याचा अपहार म्हणजे खजिन्यात गडबड, असंच तो समजणार.

ही झाली भाषेची अडचण. दुसरी अडचण गावाची होती. काही काळापूर्वी सरपंच पत्नीच्या ऑपरेशनसाठी नागपूरच्या दवाखान्यात बसले होते. तेवढ्यात उपसरपंचांनी सदस्य जुळवले, त्यांना सहलीला नेलं आणि परत आणलं ते थेट अविश्वास ठरावाच्या सभेला. ठराव झाला आणि उपसरपंच सरपंच झाले. त्यांना पहिल्यांदा तिकीट मिळवून देणारे, प्रचारात त्यांच्यासाठी दारोदार फिरणारे हे माजी सरपंचच होते. आता मंडई समितीचे अध्यक्ष विद्यमान सरपंच, मांडवाची आणि साउंडची मोठी वर्गणी त्यांची. माजी सरपंचही पुढच्याच रांगेत बसणार. म्हणजे बाकाबाईच्या तोंडचं वाक्य दोनदा ऐकलं जाणार होतं, एकदा 1817 चं आणि एकदा ग्रामपंचायतीचं.

विचारात घेतलेले शब्द

आपल्याच माणसाला दगा देऊन गादी घेण्याच्या या भानगडीसाठी मराठीत शब्द कमी नाहीत. अडचण अशी की जो तो शब्द अर्धीच गोष्ट सांगतो. कुठे विश्वास मोडल्याचं कळतं पण गादी मिळाल्याचं कळत नाही, कुठे उलट.

‘गद्दार’ सगळ्यात आधी सुचला, आणि तरुण नटांना तोच हवा होता. 2022 नंतर राज्यभरच्या सभांतून तो इतका ऐकला गेला की कुठेही उच्चारला तरी टाळी मिळते. माझा त्याला विरोध दोन कारणांनी होता. एक, गद्दार म्हणजे आपली बाजू सोडून समोरच्याला मिळालेला. आप्पासाहेबाने इंग्रजांशी तह केला हे खरं, पण वर्षदीड वर्षात तो त्याच इंग्रजांवर उलटला. पारसोजीच्या खुनाला गद्दारी म्हटलं तर तिसऱ्या अंकातली सीताबर्डी उभीच राहत नाही. दोन, तो शब्द आता आजच्या पक्षांच्या मालकीचा झाला आहे. नाटकात तो आला की बघणारा 1817 मध्ये राहत नाही.

‘फितुरी’ही याच कारणाने बाद झाला. फितूर आतून शत्रूला मिळतो, किल्ल्याचा दरवाजा उघडतो. इथे दरवाजा उघडून कोणी बाहेरचा आत आला नव्हता. जो आत होता त्यानेच केलं.

‘बंड’ म्हणजे उघड उभं राहणं. त्यात धोका पत्करणं आहे, म्हणून आपण बंडाचा मान राखतो. चांद्याला जाऊन बसलेल्या माणसाला तो मान देणं पारसोजीवर अन्याय होता.

‘भाऊबंदकी’ हा शब्द मास्तरांना आवडला होता, आणि तो मराठी कानाला लगेच कळतो. पण भाऊबंदकीत दोन्हीकडे थोडीथोडी चूक गृहीत असते: बांध कोरणाराही भाऊ आणि कोर्टात जाणाराही भाऊ. पारसोजीने काय कोरलं होतं? ज्याला उठून बसवायला माणूस लागत होता, त्याला भांडणातला दुसरा पक्ष ठरवणं मला मान्य नव्हतं, आणि वाचनात मी हे जोर देऊन बोललो.

‘ध चा मा’ घ्यावा असंही एकाने सुचवलं. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याची कथा त्याच खुनाची. घरचाच माणूस आणि गादी, सगळं जुळत होतं. पण त्या कथेचा जीव कागदावरच्या एका अक्षरात आहे. नागपूरच्या गोष्टीत कागद नाही. शिवाय नागपूरकर भोसल्यांची गोष्ट पुण्याच्या गोष्टीची नक्कल म्हणून सांगायची, हे विदर्भातल्या रंगमंचावर कोणालाच पटलं नाही.

‘सत्तापालट’ आणि ‘सत्तांतर’ हे शब्द सरपंचांच्या बाजूने आले, त्याबद्दल पुढे. त्यांत दोष कोणाचाच नसतो. निवडणूक हरल्यावरही सत्तांतरच होतं.

उरले दोन, ‘बळकावणे’ आणि ‘विश्वासघात’. दोन्ही अर्थाने जवळचे, आणि दोन्ही झाडीबोलीत, म्हणजे इथल्या बोलीत, अडले. झाडीबोलीत ळ नाही, तिथे र येतो. डोळ्याचा डोरा, काळ्याचा कारा. श नाही, त्याचा स. बाकाबाईचं काम करणाऱ्या कलावंत वडशाच्या, मूळ झाडीपट्टीतल्याच. त्यांनी तालमीत सरळ सांगितलं की रागाच्या भरात मी ‘बरकावली’च म्हणणार आणि ‘इस्वासघात’च म्हणणार. तसं म्हणायला हरकत काहीच नव्हती, पण राजवाड्यातली राणी प्रमाण मराठी बोलत असताना मोक्याच्या एकाच शब्दावर घसरली तर लोक शब्द ऐकणार नाहीत, घसरणं ऐकतील. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, जी खोलीत बसून लिहिणाऱ्याला सुचली नसती. ‘विश्वासघात’ त वर येऊन बंद होतो. मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज न्यायचा तर वाक्याचा शेवट उघड्या स्वरावर हवा.

निर्णय कुठे वळला

पहिला वळणाचा क्षण हा की मास्तरांनी खोलीत बसून शब्द शोधणं थांबवलं. एका संध्याकाळी मंडळ हनुमानाच्या देवळाच्या ओट्यावर बसलं आणि प्रवेशाची नुसती गोष्ट सांगून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं, याला काय म्हणाल? उत्तरं भराभर आली: दगा दिला, बेइमानी केली, दगाबाज. एकजण म्हणाला, ‘केसानं गरा कापला.’ ही म्हण ऐकताच दिग्दर्शक उठून उभे राहिले. गोड बोलून जवळच्याचा नाश करणं, याहून नेमकं काय असणार? पण मी नको म्हटलं. पारसोजीचा खरोखर गळाच दाबला गेला असं सांगतात. म्हण तिथे म्हण राहणार नाही, प्रेक्षक ती घडलेल्या कृतीचं वर्णन समजतील. थोडी चर्चा होऊन ती पहिल्या अंकात, धर्माजीच्या तोंडी गेली, जिथे ती इशारा म्हणून येते. तिथे ती अंगावर काटा आणते.

मग एक म्हाताऱ्या बाई, डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, ‘घात केला म्हना ना सीधा. गादीसाठी भावाचा घात. आनखी काय म्हनता?’ आणि पुढे गेल्या.

घात. यात ळ नाही, श नाही, ण नाही. घरच्यानेच करायची गोष्ट. परका हल्ला करतो, घात आपला करतो. आणि त्याच्या शेजारी ‘गादी’ ठेवली की गोष्टीची दोन्ही अर्धं एकत्र येतात, वर शेवटचा ई कलावंत बाईंना हवा तितका लांबवता येतो.

दुसरा क्षण क्रियापदाचा. मास्तरांनी आधी लिहिलं, ‘तुम्ही घात साधलात.’ ऐकणारे सगळे शेतकरी. त्यांच्याकडे ‘घात’ स्त्रीलिंगीही आहे: जमिनीला ओल बरोबर असण्याची वेळ, पेरणीची घात. घात साधली म्हणजे योग्य वेळी काम केलं, शहाणा माणूस. एका अक्षराच्या फरकाने बाकाबाईने आप्पासाहेबाला शाबासकी दिल्यासारखं होत होतं. प्रॉम्प्टरच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं, तो स्वतः चार एकर धान करतो. म्हणून ‘साधणे’ पूर्ण काढलं.

शेवटी वाक्य असं ठरलं: ‘भावाचा घात केलात, आप्पासाहेब. ही भोसल्यांची गादी नाही, ही घाताची गादी!’

तिसरा क्षण सगळ्यात अवघड. शब्द ठरल्याचं दोन दिवसांत गावभर झालं. माजी सरपंचांकडचे लोक आले: घात कशाला, गद्दारच म्हणा, बॅनरचा खर्च आम्ही देतो. दुसऱ्या बाजूने सरपंचांचा निरोप आला की सत्तापालट म्हणा, ऐतिहासिक नाटकात एवढं कडक कशाला. मंडळापुढे चार वाटा होत्या. नाटकच बदलायचं, वेळ उरला नव्हता. प्रवेश गाळायचा, मग दुसऱ्या अंकाला शेवटच नाही. मिळमिळीत शब्द घ्यायचा. किंवा शब्द ठेवायचा आणि तो कोणावर आहे हे स्पष्ट ठेवायचं.

बैठकीत मी एवढंच म्हणालो की शब्द इतिहासासाठी बरोबर आहे का, हे आधी ठरवा. गावासाठी तो सोयीचा आहे का, हे नंतर. घात म्हणायला तिथे एक माणूस मेलेला आहे. ग्रामपंचायतीत जे झालं ते कितीही बोचलं तरी तहसीलदारांनी बोलावलेल्या सभेत, हात वर करून झालं. त्याला डाव म्हणा, कृतघ्नपणा म्हणा, पण घात हा शब्द तिथे नेऊन बसवला तर पारसोजीसाठी आपल्याकडे शब्दच उरत नाही. हा माझा आग्रह अजूनही आहे.

काय केलं

दिग्दर्शकांनी स्वतः सरपंचांच्या घरी जाऊन पूर्ण दुसरा अंक वाचून दाखवला, नुसतं वाक्य नाही. सरपंचांनी विचारलं, ‘हे माह्यावर आहे का?’ दिग्दर्शक म्हणाले, ‘भाऊ, तुमच्या ठरावाला तहसीलदारासमोर हात वर झाले. पारसोजीच्या खोलीत कोण होतं?’ सरपंच काही बोलले नाहीत. चहा आला, अंक पुढे वाचला गेला.

माजी सरपंचांना मास्तर भेटले. बॅनरचे पैसे घेणार नाही, आणि नाटकात आजच्या कोणाचाही उल्लेख येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. विनोदी काम करणाऱ्या नटाला वेगळं बसवून समज दिली गेली. झाडीपट्टीत विनोदी पात्र ऐनवेळी पदरचं बोलतं आणि लोकांना तेच हवं असतं, म्हणून हे आवश्यक होतं. त्या रात्री ग्रामपंचायत, ठराव, सहल यांतला एकही शब्द नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

एक गोष्ट मात्र हातातून गेली. बॅनर छपाईला देणाऱ्या मुलाने ‘घाताची गादी’ हेच मोठ्या अक्षरात टाकलं, आप्पासाहेबांचं नाव खाली बारीक. चौकात, ग्रामपंचायतीच्या इमारतीसमोर तो बॅनर लागला.

परिणाम

प्रयोग झाला आणि मांडव पहाटेपर्यंत भरलेला होता. बाकाबाईच्या वाक्यावर टाळी पडली नाही. क्षणभर कोणी हललं नाही, मग बायकांच्या बाजूने ‘अरेरे’ असा आवाज आला. दिग्दर्शकांना हेच हवं होतं. गद्दार म्हटलं असतं तर शिट्ट्या वाजल्या असत्या आणि त्या शिट्ट्यांत पारसोजी हरवला असता.

गावच्या बाजूने मात्र सगळं सुरळीत गेलं नाही. माजी सरपंचांच्या गटातल्या पोरांनी बॅनरचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला, खाली काहीही न लिहिता. सरपंचांनी नाटक शेवटपर्यंत पाहिलं, कलावंतांचा सत्कारही केला, पण राहिलेली वर्गणी दिली नाही. साउंडवाल्याचे पैसे मंडळाने पुढच्या पटाच्या तिकिटांतून फेडले. दोन गटांत मारामारी झाली नाही, पोलिसांत तक्रार गेली नाही. गावचं राजकारण लक्षात घेतलं तर हे कमी नाही.

शब्द टिकला. बाजूच्या गावांतही आता कोणी संस्थेत किंवा घरच्या वाटणीत आपल्याच माणसाला बाजूला सारून बसला तर ‘घाताची गादी’ म्हणतात, असं मास्तर सांगतात. मला त्यात आनंद आहे आणि थोडी काळजीही. सहकारी सोसायटीच्या अध्यक्षपदासाठीही तोच शब्द वापरला जाऊ लागला तर तो लवकरच गद्दारसारखाच झिजेल.

वेगळं काय करता आलं असतं

बॅनरचा मजकूर शब्दाइतकाच महत्त्वाचा होता, आणि तो कोणी पाहिलाच नाही. संहितेवर चार वाचनं झाली, बॅनरवर एकही नाही. रंगमंचावर त्या शब्दाभोवती रात्रभराची गोष्ट आहे, बाकाबाई आहे, मेलेला पारसोजी आहे. चौकात त्याच्याभोवती फक्त ग्रामपंचायतीची इमारत होती. छपाईला जाण्याआधी दिग्दर्शकांची सही हवी, एवढा नियम मंडळाने आता केला आहे.

सरपंचांकडे जाणं योग्य होतं, पण उशिरा झालं. संहिता ठरली त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंना वाचन ऐकवलं असतं तर निरोप आणि प्रतिनिरोप यांत गेलेले दिवस तालमीला मिळाले असते. ओट्यावरची बैठकही पहिल्या खर्ड्याच्या आधी व्हायला हवी होती. राज्यापहार हा शब्द मग लिहिलाच गेला नसता.

आणि तिसऱ्या अंकाचा प्रश्न. प्रयोगानंतर हायस्कूलची काही मुलं मास्तरांना विचारत होती, सीताबर्डीला लढला म्हणजे तो चांगला, की भावाला मारलं म्हणून वाईट? नाटकात बाकाबाईला वाक्य मिळालं, आप्पासाहेबाला त्यावर उत्तर मिळालं नाही. शिवाय पारसोजीच्या खुनाचे पुरावे आपल्यापर्यंत आले ते ज्यांच्याशी तो लढला त्यांच्याच दप्तरातून. खून झाला नाही असं मी म्हणत नाही, पण ही गोष्ट मुलांना कळायला हवी आणि नाटकात ती कुठेच नाही. मास्तर आता सीताबर्डीच्या आदल्या रात्रीचा एक प्रवेश लिहीत आहेत. त्यांना तिथे आप्पासाहेबाच्या तोंडी पश्चात्ताप हवा आहे. मला वाटतं त्याने पश्चात्ताप करू नये. त्याने बाकाबाईचाच शब्द उच्चारावा, नाकारू नये, आणि लढायला जावं. पुढच्या हंगामात शेजारच्या गावी प्रयोग आहे. त्याआधी दोन्ही खर्डे त्याच देवळाच्या ओट्यावर वाचायचे असं ठरलं आहे.